अर्थ सांगणारं कोणी आहे का?

गोंदियाजवळच्या फुलचूरला आमची ख्रिस्ती मंडळी टिनाच्या शेडाखाली भरते. पावसाचा जोर असला की पास्टरचं प्रवचन ऐकू येत नाही, नुसते हात हलताना दिसतात, आणि खरं सांगतो, काही रविवारी तेवढंही पुरतं. ढोलक माझ्याकडे. ढोलकवाला बसतो पास्टरच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून. प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात, मी मात्र उघडे ठेवतो, कारण गाणं केव्हा उचलायचं ते पास्टरच्या बोटावर असतं. म्हणून कोण रडतो, कोण पेंगतो, कोण रडता रडता पेंगतो, हे सगळं मला बसल्या जागी दिसतं.

आमच्या मंडळीत कृपादानांना, म्हणजे देवाने माणसाला दिलेल्या देणग्यांना, तोटा नाही. मुन्नालालला दर्शनं होतात, बहुतेक जेवण झाल्यावर. पुष्पांजली डोक्यावर हात ठेवते आणि डोकेदुखी जाते. स्वतःचा गुडघा मात्र ती सरकारी दवाखान्यात दाखवते. हसू नका. माझी घरवाली कुंदाबाई तापाने फणफणली होती तेव्हा हीच पुष्पांजली उशाशी बसून राहिली, हात काढलाच नाही, आणि पहाटे ताप उतरला. तेव्हापासून मी तिच्या गुडघ्यावर बोलत नाही. तिसरा आमचा टेकचंद. गोंदियाच्या स्टेशनवर ऑटो चालवतो आणि त्याच्याकडे अर्थ सांगण्याचं दान आहे. प्रार्थनेत आत्म्याने भरून कोणी अनोळखी भाषेत बोलायला लागलं, तर पास्टर विचारतात, “अर्थ सांगणारं कोणी आहे का?” मंडळीचा जुना नियम आहे तो. अर्थ सांगणारं नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसावं. टेकचंद उठतो आणि सांगतो.

आणि शामकलाबाई? तिच्याकडे काही नव्हतं. ती बसायची दाराशी, चटई संपते आणि चपला सुरू होतात तिथे. नाव शामकला असलं तरी सगळे म्हणायचे साहूबाई. नवरा छत्तीसगढचा साहू, राइस मिलमध्ये बॉयलरवर होता. ती सालेकसाच्या पलीकडच्या रानातली, गोंडाची पोरगी. मिलच्या आवारात धान वाळवायला बायका लावत, त्यात ती होती. तिथेच दोघांचं जुळलं, आणि दोघांच्याही घरच्यांनी दारं लावून घेतली. साहू माणूस भला होता, पण पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, “यहाँ अपनी वो बोली मत बोलना. लोग जंगली कहेंगे.” तिने ऐकलं. हिंदी शिकली, मग शेजारपाजाऱ्यांची मराठी शिकली. पोरगी डिंपल झाली, ती हिंदीतच वाढली आणि लग्न होऊन दुर्गला गेली. साहू वारला. माहेरची माय त्याच्याही आधी गेली होती, आणि ते कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आता गोंडीत ‘पाणी दे’ म्हटलं तर उठून पाणी देणारं तिच्या ओळखीचं या जगात कोणी उरलं नव्हतं.

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पुढे तिनेच आमच्या ओसरीवर बसून सांगितलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण गोष्ट झाकून ठेवणं मला कधी जमलंच नाही.

मंडळीत तिला पुष्पांजलीने आणलं, एका आजारपणात. बरी झाल्यावरही ती येत राहिली. उपासना संपली की आमच्यात सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन ‘जय मसीह की’ म्हणतात. आठवड्यातून तेवढाच एकदा कोणी तिच्या हाताला हात लावायचं. त्यासाठी ती प्रवचन ऐकत होती म्हणा ना.

मग आमच्या पास्टरांनी कृपादानांवर शिकवण सुरू केली. पास्टर प्रफुल नागपूरला शिकून आलेले, वयाने माझ्या नातवापेक्षा थोडे मोठे, पण उच्चार स्वच्छ. ते म्हणाले, “मंडळी म्हणजे एक शरीर. प्रत्येकाला काहीतरी दिलेलं आहे. ज्याला काही मिळालं नाही असा एकही माणूस इथे नाही. शोधा.” सगळे शोधायला लागले. एकीला आपल्याकडे गाण्याचं दान असल्याचं कळलं, त्याचा त्रास ढोलकवाल्याला अजून होतो. शामकलाबाई एका संध्याकाळी कुंदाबाईकडे आली, जात्याच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, “कुंदाबाई, मी उशिरा आली ना मंडळीत. उशिरा आलेल्यायचं संपलं असंन का वो?”

“काय संपलं?”

“दान.”

“अवो, ते का भंडाऱ्याचा भात आहे का?” कुंदाबाई म्हणाली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तीही हसली, पण उठताना म्हणाली, “भात असता तं खरवडून तरी भेटला असता.”

दिवाळीच्या आधीचा रविवार. आदल्या रात्री डिंपलचा फोन आला होता. “मम्मी, इस बार नहीं आ पाऊँगी, बच्चों के पेपर हैं.” पास्टरांनी सगळ्यांना एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलं. शेडात गलका उठला. आणि दाराशी शामकलाबाईला रडू फुटलं. माणूस ठेच लागल्यावर ‘आई गं’ म्हणतो ते विचार करून म्हणतो का? तसंच झालं. रडू आलं त्याबरोबर मायची बोली बाहेर आली. ती देवाला सांगत होती, की मी एकटीपुरता भात घालते, तरी उरतो. मूठ कमी केली तरी उरतो. सकाळी कोणापुढे वाढू?

शेजारी पुष्पांजली होती. तिने डोळे उघडले आणि ओरडली, “हालेलुया! साहूबाईले आत्म्याची भाषा आली!”

हळूहळू गलका थांबला. त्या टिनाखाली एकट्या बाईचा आवाज राहिला. मी ढोलकावरचे हात उचलले. आमच्यात पोवार आहेत, छत्तीसगढी आहेत, हिंदीवाले आहेत. गोंडी इतक्या जवळून कोणी ऐकलेली नव्हती, आणि साहूबाई गोंडी बोलेल हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

“अर्थ सांगणारं कोणी आहे का?” पास्टरांनी विचारलं.

टेकचंद उठला. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. “प्रभू म्हणतो,” तो म्हणाला, “मी तुमचं भांडार भरीन. इतकं भरीन का खाऊन उरंन, अन् सकाळी तुमी दुसऱ्यायले बोलावून वाढान.”

पाहा आता. उरलेल्या भाताचं त्याने काय केलं! पण गंमत अशी की शामकलाबाईच्या अंगावर काटा आला. भात खरंच होता ना त्यात.

तिने सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोपर्यंत बायकांनी गराडा घातला. एकीने हात धरला, दुसरीने डोळे पुसले, तिसरी म्हणाली, “तुमचं नाव काय हो बाई? साहूबाई नाही, तुमचं नाव.” तिने सांगितलं, “शामकला.” मग सगळ्या म्हणायला लागल्या, शामकलाबाई, शामकलाबाई. दुसऱ्या दिवशी चौघी तिच्या खोलीवर गेल्या. “मी सांगनारच होती,” ती आम्हाला नंतर म्हणाली. “पन त्या चौघीयनं माह्या हातचा चहा पेला. मंग म्हणलं, उद्या सांगीन.”

तो उद्या काही आला नाही. तिला चटईवरून उचलून पुढे खुर्ची दिली. पोरं आजारी पडली की आया त्यांना घेऊन तिच्याकडे जायला लागल्या. खोलीत भात उरेनासा झाला, कोणी ना कोणी जेवायच्या वेळेला असायचंच. आणि रविवारी ती आपल्या बोलीत प्रार्थना करायची. देवापुढे ती एक शब्द खोटा बोलली नाही. गुडघा दुखतो, नळाला पाणी येत नाही, शेजारच्या बकरीने वांग्याचं रोप खाल्लं, असं सगळं. टेकचंद अर्थ सांगायचा आणि मंडळी थरारून जायची. “मी बोलली बकरीचं,” ती म्हणायची, “अन् तो म्हणे सिंहासनाचं. मी खाली मान घालून ऐकत होती, का एवढ्या मोठ्या देवाले हे बकरी कुठी दिसली असंन.”

भीती मात्र तिला रोज होती. लबाडीची कमी, खरं कळलं तर खोली पुन्हा रिकामी होईल, याची जास्त.

धान घरात आलं की आमच्या तीन मंडळ्यांची मिळून सभा भरते. यंदा ती कामठ्याला होती. कामठा माझं गाव हो! तिथल्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो, गुरुजी मला गोष्टी सांगतो म्हणून बाकावर उभं करायचे आणि मग स्वतःच ऐकत राहायचे. असो. पास्टरांनी जाहीर केलं, की दुपारच्या सभेत शामकलाबाई मंचावरून प्रार्थना करतील आणि टेकचंदभाऊ अर्थ सांगतील.

टेकचंदच्याच ऑटोत आम्ही निघालो. मी, कुंदाबाई, शामकलाबाई, आणि मांडीवर ढोलक.

“बाई, आज जरा सावकाश बोलजा,” टेकचंद आरशातून म्हणाला. “मले अर्थ पकडाले वेळ लागते.”

“तुले कसा गा समजते अर्थ?” शामकलाबाईने विचारलं.

“पोटातून येते. तुमी बोलाले लागल्या का इथं गरम गरम लागते.”

“अन् चुकला तं?”

“कसा चुकंन? आजवर कोनी म्हणलं का चुकला म्हणून?”

मी म्हटलं, “गड्या, इथं गरम गरम मलेही लागते, पन मी त्याले इनो घेतो.” कुंदाबाईने मला कोपर मारलं. शामकलाबाई हसली नाही. बाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या मागे जात होत्या, ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मांडव शाळेच्या मागच्या मैदानात होता. माणसं भरपूर. मैदानाच्या कडेला धान कापणीच्या मजुरांचा एक ट्रॅक्टर उभा होता. त्यांचं कामठ्याचं काम आटोपलं होतं, ट्रॉलीत गाठोडी, भांडी, पोरं चढवणं चाललं होतं. गाणं ऐकून काही बाया मांडवाच्या कनातीशी येऊन उभ्या राहिल्या.

शामकलाबाई मंचावर गेली. माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि बोलायला लागली. नेहमीपेक्षा हळू. टेकचंद दुसरा माइक घेऊन तयार.

आणि कनातीकडून कोणीतरी तिला उत्तर दिलं.

एक पोरसवदा बाई, डोक्याला फडकं, हातात विळा तसाच. त्याच भाषेत बोलली. शामकलाबाईचे डोळे एकदम उघडले. मी समोरून पाहिलं ते सांगता येणार नाही. विझल्या चुलीत कोणी फुंकर घालावी तसं झालं तिच्या तोंडाचं. ती बोलली. ती पोरगी बोलली. ही पुन्हा बोलली, घाईघाईत, एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. मांडवात ‘हालेलुया’चा कल्लोळ झाला. मुन्नालाल खुर्चीवर उभा राहून ओरडला, “दोघीयले! दोघीयले आली!” लोक त्या पोरीला वाट द्यायला लागले, कोणी तिच्या पायाला हात लावला, तशी ती बिचकून मागे सरली.

टेकचंद घामाने भिजला होता. त्याने माइक तोंडाशी नेला. “प्रभू म्हणतो, दोन साक्षीदार उठतीन…”

“टेकचंद,” शामकलाबाई म्हणाली, “थांब बापू.”

तिने त्याचा माइक हाताने खाली केला. मारल्यासारखा नाही, लेकराच्या तोंडातली माती काढावी तसा.

“हे वरदान नाई,” ती माइकवर म्हणाली. “हे माह्या मायची बोली आहे. गोंडी. मी गोंडाची पोरगी आहे. ते पोरगी मले विचारून राहिली, का आत्या, तू किती देवाची?”

मांडवात ट्रॅक्टरवरचं भांडं वाजलेलं ऐकू आलं. ख्रिस्ती सभेत, मंचावर, किती देवांची! दुसऱ्या मंडळीचे वयस्कर पास्टर पुढे झुकले.

“आमच्यात नातं लावाले तसं विचारतात,” ती म्हणाली. “कोनी चार देवाचे, कोनी पाच, सहा, सात. मी म्हणलं, सात देवाची. तेही सातचीच. मंग ते माह्या भावाची पोरगी लागली ना.” एवढं बोलून तिने कनातीकडे पाहिलं.

पास्टर प्रफुलचा चेहरा उतरला होता. पण पोरगा शहाणा. जुना नियम त्याने सोडला नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, पण माइक चालू होता, “मग त्याआधी तुम्ही जी प्रार्थना केली, तिचा अर्थ तुम्हीच सांगा.”

तिने माइक दोन्ही हातांत धरला.

“मी देवाले म्हणत होती,” ती म्हणाली, “का हे उघडं पडू देऊ नको. हे लोक माह्या घरी येतात, चहा पेतात, नाव घेऊन बोलावतात. मले पुन्हा दाराशी बसवू नको. तेवढंच म्हणत होती. अन् तेवढ्यात ते पोरगी बोलली.”

तिकडे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. दोनदा, तीनदा. शामकलाबाई मंचावरून उतरली, पण माणसं दाटीवाटीने उभी, कोणाला बाजूला व्हायचं सुचेना. ती “जाऊ द्या, जाऊ द्या” म्हणत कनातीपर्यंत पोहोचली तेव्हा ट्रॉली रस्त्याला लागली होती. त्या पोरीने वरून विळ्याचा हात हलवला. काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते काय होतं ते शामकलाबाईलाही कळलं नाही.

परत येताना आम्ही बसने आलो. टेकचंद रिकामा ऑटो घेऊन केव्हाच निघून गेला होता.

मंडळीने तिला काही टोचून म्हटलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पास्टरांनी पुढच्या रविवारी स्वच्छ सांगितलं, की या बाईंनी कोणाला फसवलं नाही, आपणच न विचारता ठरवलं. पण लोकांना लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस वाट बदलतो. ज्या आया पोरं घेऊन जायच्या त्या दुसऱ्या गल्लीने जायला लागल्या. खुर्ची कोणी काढली नाही. तिचीच ती उठून दाराशी गेली, चपलांजवळ. कुंदाबाई जायची तिच्याकडे, पण कुंदाबाई एकटीच किती जेवणार? पुन्हा भात उरायला लागला. टेकचंदने मंडळीत येणंच सोडलं. रविवारी स्टेशनवर ऑटो लावून बसायचा, सवारी आली तरी म्हणायचा, खाली नहीं है.

नाताळच्या आधीच्या रविवारी तो आला. उशिरा आला, पुढे जायची हिंमत नसावी, म्हणून चपला काढल्या तिथेच बसला. शामकलाबाईच्या शेजारी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

प्रार्थना सुरू झाली. गलका उठला, उतरला. शेवटी तिचाच बारीक आवाज राहिला, तिच्या बोलीत. आता सगळ्यांना ठाऊक होतं ते काय आहे. कोणी हालेलुया म्हणालं नाही. पास्टरांनीही काही विचारलं नाही. कामठ्यापासून ते विचारतच नव्हते. ती थांबली.

मग टेकचंदने मान न वळवता विचारलं, “काय म्हणल्या वो बाई?”

शेड लहान. सगळ्यांना ऐकू गेलं.

“काही नाई रे,” ती म्हणाली. “त्या दिवशी त्या पोरीनं मले सगळं विचारलं. कोनाची, किती देवाची, घरी कोन कोन. मी तिले नाव तेवढं विचारलं. दुर्गेश्वरी. गाव विचाराचं राहून गेलं. मी देवाले म्हणलं, तुले तं ठाऊक असंन.”

टेकचंद उभा राहिला. हातात माइक नव्हता, कपाळावर घाम नव्हता. पुढे तोंड करून त्याने मंडळीला सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. “बाई म्हणतात, त्या पोरीले गाव विचाराचं राहून गेलं. देवाले म्हणतात, तुले ठाऊक असंन.” आणि खाली बसला.

आमेन म्हणायला कोणाला सुचेना. तेवढ्यात मुन्नालाल जागा झाला आणि त्याने म्हटलं. पास्टरांनी बोट उचललं, पण माझा हात ढोलकावर पडायला जरा उशीर झाला.

उपासना सुटल्यावर टेकचंद ऑटोपाशी उभा होता. “सोडून देऊ का घरी?”

“कायले? जवळच तं आहे,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

मी ढोलक खांद्याला अडकवून दारात उभा होतो. रस्ता सरळ आहे, दूरवर दिसतं. ती वळणाशी पोहोचेपर्यंत मी बघत होतो. बरोबर कोणी नव्हतं, पण तिची मान हलत होती, हातही हलत होता, कोणाला तरी काही समजावून सांगावं तसा.